मोठ्या अक्षरातलं मराठी पवित्र शास्त्र: अडचणीच्या दिवसांत वाचायला कसं आहे

हा रिव्ह्यू मराठी पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मोठ्या अक्षरातल्या आवृत्तीचा आहे, काळं कव्हर आणि बाजूने चेन असलेली. देवाच्या वचनाला स्टार द्यायला मी बसलेली नाही, ते माणसाचं कामच नाही. मी लिहितेय ते पुस्तक म्हणून, म्हणजे अक्षर कसं, कागद कसा, बांधणी टिकते का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरात आजारपण, वावरात नुकसान आणि डोक्यावर कर्ज ही तिन्ही एकदम आली असताना माणसाने हे कुठून उघडावं. कारण हे कोणी सांगत नाही, पुस्तक हातात देतात आणि म्हणतात वाचा ताई, शांती मिळेल. मिळते, मला मिळाली, पण कुठून वाचायचं हे माहीत असलं तर दमलेल्या माणसाला लवकर मिळते म्हणून एवढं लिहितेय.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यावरचे. कोरडवाहू वावर, सोयाबीन, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि मधात तूर. सासरी माझ्या आजेसासऱ्यांपासून विश्वासी घर आहे, रविवारी उपासनेला जाणं, नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरणं हे सगळं लहानपणापासूनच अंगवळणी, माहेरीही तेच. घरात जुनं बायबल होतंच, सासऱ्यांचं, पण त्याचं अक्षर इतकं बारीक की सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही दिसायचं नाही आणि मला रात्री बल्बच्या उजेडात डोळे ताणावे लागायचे. २०२३ च्या खरिपात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला हे विदर्भातल्या कोणाला सांगायला नको, चांगलं हिरवंगार वावर बघता बघता पिवळं पडलं, शेंगा लागल्या पण दाणाच भरला नाही. त्याच्याच मागेपुढे आमच्या ह्यांना लकवा मारला, उजवी बाजू पूर्ण गेली आणि बोलणं पण. आधी तालुक्याला नेलं, तिथून सेवाग्रामच्या दवाखान्यात. पोरगी बारावीला, पोट्टं आठवीत, वावरात उभं असलेलं काढायला मजूर परवडेना आणि घरात करता माणूस खाटेवर. त्या दिवसांत आमच्या चर्चच्या पाळक साहेबांनी हे मोठ्या अक्षरातलं मागवून दिलं, सासूबाईंसाठी म्हणून. वापरलं आम्ही तिघांनी.

आधी वस्तूबद्दल बोलते. अक्षर खरंच मोठं आहे आणि ठसठशीत काळं आहे, ओळींमधे जागा सोडलेली आहे, त्यामुळे बोट ठेवून वाचणाऱ्याची ओळ चुकत नाही. लाइट गेल्यावर मोबाईलच्या टॉर्चवर पण वाचता येतं, आमच्याकडे लोडशेडिंग काही नवीन नाही म्हणून हे मुद्दाम सांगते. कागद मात्र एकदम पातळ आहे, मागच्या पानाची छपाई पुढे दिसते, आणि ओल्या हाताने पान उलटलं की ते हाताला चिकटून येतं. आमच्या स्तोत्रांच्या पानांवर हळदीचे डाग आहेत, कारण सासूबाई चुलीजवळ बसून भाजी चिरता चिरता वाचतात, त्यांना किती सांगितलं तरी ऐकत नाहीत, म्हणतात वचन आहे ते, कपाटात ठेवायला थोडीच घेतलंय. वजन भरपूर आहे. पलंगावर झोपून हातात धरून वाचता येत नाही, छातीवर ठेवलं तर जड होतं, मांडी घालून पुढ्यात उशी ठेवून त्यावर ठेवावं लागतं. रोजच्या वापराने मधे, स्तोत्रसंहितेच्या जागी, शिवण थोडी ढिली झाली आहे, पाळक साहेबांनी डिंक लावून दिला तेव्हापासून ठीक आहे. चेन मात्र फार कामाची, धूळ जात नाही आणि आत प्रार्थनेची चिठ्ठी, दवाखान्याचं कार्ड, औषधाची पर्ची सगळं मावतं.

आता मोठ्या अक्षराचा जो फायदा मला आधी सुचलाच नव्हता तो सांगते. ह्यांची वाचा गेली होती, म्हणजे आवाज निघायचा पण शब्द जुळायचे नाहीत, पाणी मागायचं असलं तरी भलतंच काही तोंडातून यायचं आणि मग चिडायचे, डाव्या हाताने भिंतीवर मारायचे. दवाखान्यात सांगितलं होतं की रोज मोठ्याने वाचून घ्या, हळूहळू, ओळखीचं काहीतरी वाचायला द्या. पेपर दिला तर अक्षरं त्यांना नाचल्यासारखी वाटायची. मग मी २३ वं स्तोत्र उघडून पुढ्यात ठेवलं, ते त्यांना लहानपणापासून पाठ, शब्बाथ शाळेत शिकलेलं. डाव्या हाताचं बोट पहिल्या शब्दावर ठेवलं आणि मी म्हणाले, म्हणा, परमेश्वर. बराच वेळ काही नाही. आणि मग एकदम अख्खी ओळ आली, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. ज्या माणसाला पाणी हा शब्द सापडत नव्हता त्याच्या तोंडून ही अख्खी ओळ आली, जिभेला थोडा जडपणा होता पण शब्द सगळे होते. मी आणि सासूबाई दोघी रडलो. नंतर दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की असं होतं, पाठ असलेलं, गाण्यातलं, प्रार्थनेतलं आधी परत येतं, मेंदूत ते वेगळ्या रीतीने साठवलेलं असतं. मला ते शास्त्र पटतं आणि त्यात देवाचा हात आहे हेही पटतं, दोन्हीत भांडण लावायची मला गरज वाटत नाही. तेव्हापासून रोज सकाळी वाचनाचा तास ठरलेला, आधी २३, मग १२१, मग जे उघडेल ते. आता बरंच बोलतात, फोनवर अजून अडखळतात.

पुस्तक उघडायचं कुठून याबद्दल मला जे वाटतं ते स्पष्टच लिहिते. अडचणीतल्या माणसाने पहिल्या पानापासून सुरू करू नये. उत्पत्ती आणि निर्गम निघून जातं, मग लेवीय येतं, यज्ञाचे नियम, मग गणना येतं त्यात वंशांची मोजणी, आणि माणूस पुस्तक बंद करून ठेवतो. सगळं देवाचंच वचन आहे पण ज्याच्या घरात दवाखाना चालू आहे त्याने ते नंतर सवडीने वाचावं. सुरुवात मधून करा, स्तोत्रसंहितेतून. पुस्तक साधारण मधोमध उघडलं की तीच निघते.

स्तोत्रं एकूण १५० आहेत आणि बहुतेकांना त्यातली ओळखीची दहा-वीस माहीत असतात, स्तुतीची, आनंदाची. पण त्यात रडण्याची, तक्रारीची स्तोत्रं किती आहेत हे वाचल्यावरच कळतं. १३ वं घ्या, त्याची सुरुवातच कुठवर अशी आहे, हे परमेश्वरा तू मला कुठवर विसरणार, आणि हे कुठवर एकदा विचारून थांबत नाही, परत परत विचारतं. ८८ वं तर त्याहून कडक, बाकीच्या तक्रारीच्या स्तोत्रांमधे शेवटी थोडा तरी उजेड येतो, ह्याच्या शेवटी अंधारच आहे. सेवाग्रामला वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात, सगळीकडे चटया टाकून नातेवाईक झोपलेले, मी भिंतीला टेकून हे ८८ वं वाचलं आणि मला जो धीर आला तो तोवर कोणाच्या सांत्वनाने आला नव्हता. कारण मला वाटत होतं की मी कमी विश्वासाची आहे, रडते म्हणून, देवाला काहून केलं असं विचारते म्हणून. आणि इथे बायबलमधेच कोणीतरी तेच विचारून ठेवलंय, लोकांनी ते शतकानुशतकं उपासनेत म्हटलंय, काढून टाकलं नाही. प्रभू येशूने वधस्तंभावर जे शब्द काढले, माझ्या देवा तू माझा त्याग का केलास, ते २२ व्या स्तोत्राचे. म्हणजे प्रभूला पण असं विचारावंसं वाटलं आणि त्याने विचारलं. मला शांती मिळाली ती इथून सुरू झाली, देवापुढे नीट चांगलं बोलायची गरज नाही, जसं आहे तसं बोलता येतं, ह्या समजुतीतून.

दुसरं, ईयोबाचं पुस्तक. ४२ अध्याय आहेत, लांब आहे, सगळं एका दमात होणार नाही, पण दुसऱ्या अध्यायाचा शेवट जरूर वाचा. ईयोबाचं सगळं गेल्यावर त्याचे मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, कोणी एक शब्द बोलत नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. खेड्यात आजारी माणसाला भेटायला सगळे येतात, ती आपल्याकडची फार चांगली रीत आहे. पण भेटायला आलेले लोक बोलतात ना बाप्पा, कोणी म्हणतं बीपीची गोळी बंद केली असेल, कोणी म्हणतं काही पाप झालं असेल, कोणी म्हणतं तुमची प्रार्थना कमी पडली. ईयोबाचे मित्र पण आठव्या दिवसापासून हेच करतात आणि शेवटी देव त्यांनाच रागावतो, की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. ज्यांच्या घरी आजारपण नाही त्यांनी पण हे वाचावं, कोणाकडे भेटायला जायच्या आधी. आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, एक म्हातारी आई रोज संध्याकाळी यायची, ह्यांच्या खाटेजवळ बसायची, पाय चेपायची आणि निघताना फक्त म्हणायची, येते बाई. तिचं येणं मला फार मोलाचं होतं.

तिसरं जे वाचायला हवं ते १ राजे, १९ वा अध्याय, आणि हे मी विशेष करून आपल्याकडच्या कास्तकार भावांसाठी लिहिते. एलीया संदेष्टा, एवढा मोठा देवाचा माणूस, थकून जीवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली जाऊन बसतो आणि म्हणतो आता पुरे, माझा जीव घे. आणि देव त्याला काय करतो? रागावत नाही, उपदेश करत नाही. झोपू देतो. मग देवदूत त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवलेला असतो. खाऊन तो परत झोपतो, परत उठवतो, परत खायला देतो, म्हणतो तुला लांबचा पल्ला गाठायचा आहे. देवाशी मोठं बोलणं होतं ते ह्या सगळ्याच्या नंतर. यवतमाळ, अमरावती, वर्धा, बुलढाणा, आपल्या कुठल्याही जिल्ह्यात कर्जापायी गेलेल्या माणसाचं घर माहीत नाही असं गाव सापडणार नाही, आमच्या गावातही आहे. ज्याच्या मनात असं येतं तो देवापासून दूर गेला असं समजू नका, एलीयाच्या मनात पण आलं होतं. त्याच्याजवळ बसा, जेवू घाला, रात्री एकटं सोडू नका, फवारणीच्या औषधाचे डबे घरात ठेवू नका, आणि १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं, त्यावर बोलायला लाज बाळगू नका. प्रार्थना पण करा आणि फोन पण करा.

आणि हबक्कूक. छोटंसं पुस्तक आहे, तीनच अध्याय, जुन्या कराराच्या शेवटाकडे बारीक पुस्तकांमधे लपलेलं, पटकन सापडत नाही, अनुक्रमणिका बघून काढा. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो की अंजिराला फूल आलं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं उरली नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. हे मी चर्चमधे अनेकदा ऐकलं होतं. पण त्या साली सोयाबीनच्या धुऱ्यावर बसून वाचलं तेव्हा मला जाणवलं की हा माणूस नुकसानीची यादी करतोय, पंचनाम्यात लिहितात तशी, पिकाचं नाव घेऊन एकेक. काही लपवत नाही, काही कमी करून सांगत नाही, देव भरपाई देईल असंही तिथे लिहिलेलं नाही. आधी सगळं गेलं हे पूर्ण म्हणतो आणि मग तरी म्हणतो. मी पण तिथे बसून मोठ्याने म्हटलं, सोयाबीन भरलं नाही, बियाण्याचे पैसे निघाले नाहीत, बैलजोडी विकली, माझा नवरा खाटेवर आहे. म्हणून झाल्यावर तरी हा शब्द लगेच निघाला नाही हे खरं आहे, तो नंतर निघाला, घरी येऊन, सासूबाई उपासना संगीत ह्या आमच्या भजनांच्या पुस्तकातलं गाणं गुणगुणत होत्या तेव्हा. पण मन हलकं तिथेच झालं, धुऱ्यावर.

नव्या करारातलं काय वाचायचं तर फिलिप्पैकरांस पत्र, चार अध्याय, पौलाने कैदेत असताना लिहिलेलं. चौथ्या अध्यायात आहे की कशाचीही चिंता करू नका, सगळं प्रार्थनेने आणि आभार मानून देवाला कळवा, म्हणजे सगळ्या बुद्धीच्या पलीकडची शांती तुमची अंतःकरणं राखेल. चिंता करू नका हे गादीवर बसून कोणी सांगितलं असतं तर मला राग आला असता. साखळ्यांत असलेला माणूस सांगतो म्हणून ऐकावंसं वाटतं. योहानाचा १४ वा अध्याय पण, जिथे प्रभू म्हणतो मी आपली शांती तुम्हाला देतो, जग देतं तशी देत नाही, हे पण तो पकडला जायच्या रात्री म्हणतोय. मला जी शांती मिळाली ती कशी आहे हे कोणी विचारलं तर मी एवढंच सांगू शकते की सकाळी उठल्यावर छातीत जो गोळा असायचा तो आता रोज नसतो, कर्ज तसंच आहे, ह्यांचा उजवा हात अजून पूर्ण उठत नाही, पण रात्री झोप लागते आणि पोरांवर ओरडणं कमी झालं. कधी कधी गोळा परत येतो. तेव्हा परत १३ वं उघडते.

एक गोष्ट पुस्तकाबाहेरची आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाचन एकटीने केलं असतं तर मला एवढा आधार मिळाला नसता. त्या वर्षी आमचा कापूस मंडळीतल्या बायांनी वेचून दिला, स्वतःची रोजी पाडून, कोणी मागितलं नव्हतं. पोराला पाळक साहेबांच्या घरून डबा जायचा. शेजारची जी बाई आमच्या धर्माची नाही, गजानन महाराजांची भक्त, ती पण सकाळी ढोरांना पाणी पाजून जायची. भाकर आणि पाण्याचा चंबू घेऊन येणारे देवदूत हे असे असतात, मला तरी असं वाटतं.

आणि ज्यांच्याबद्दल सावध करायचं ते पण सांगते. अडचणीतल्या घराचा वास काही लोकांना लवकर लागतो. आमच्याकडे पण बाहेरून एक जण आला होता, अभिषेकाचं तेल घ्या, एवढी रक्कम पेरा म्हणजे देव शंभरपट देईल, गोळ्या बंद करा, गोळ्या म्हणजे अविश्वास. सासूबाईंनी त्याला चहा पाजला आणि हात जोडले. बीपीची गोळी ज्याने बंद करायला लावली तो लकव्याचा खर्च द्यायला येत नाही. आणि असं बोलणाऱ्याला तोंड द्यायचं असेल तर पुस्तक स्वतः वाचलेलं हवं, पौल तीमथ्याला त्याच्या पोटाच्या आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, लूक वैद्य होता हे पण त्याच पुस्तकात आहे, औषध म्हणजे अविश्वास असं तिथे कुठे लिहिलेलं नाही.

हे मराठीतलं पुस्तक आपल्यापर्यंत आलं कसं याचा पण थोडा विचार करावा. मराठी नवा करार पहिल्यांदा १८११ साली बंगालमधल्या सेरामपूरला छापला गेला. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले, नवरा लवकर गेला, १९२१ मधे एकुलती एक लेक मनोरमा गेली, आणि ही बाई केडगावला बसून मूळ भाषांतून अख्ख्या बायबलचं मराठी करत होती, ते काम हातावेगळं करूनच ५ एप्रिल १९२२ ला गेली. माझ्यासारखी बाई उशीवर पुस्तक ठेवून वाचते त्यामागे असे किती जणांचे वाईट दिवस आहेत. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तर नवा करार हाती आला तो १८९३ साली, नागपुराहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने दिला, आणि १८९५ मधे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची गाणी आज आमच्या सासूबाई चुलीपुढे म्हणतात. आपल्या यवतमाळात पण किती तरी वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, होती, १९५३ पासून, देशभरातून पोरं शिकायला यायची, ती १९८३ मधे पुण्याला गेली. जुनी माणसं अजून तिच्या आठवणी सांगतात.

भाषेबद्दल बरेच जण विचारतात. ही जी आवृत्ती आहे तिची मराठी जुन्या वळणाची आहे, आपल्या बहुतेक मंडळ्यांमधे हीच वाचतात, त्यामुळे पाठ असलेल्या ओळी जशाच्या तशा सापडतात आणि ह्यांच्या बाबतीत तर तेच कामी आलं. पण माझ्या पोट्ट्याला संदेष्ट्यांची पुस्तकं जड जातात, त्याच्यासाठी सोप्या मराठीतलं वेगळं भाषांतर मिळतं ते घेतलं, घरात दोन्ही असावीत. कॅथलिक घरातले असाल तर आपल्या फादरना विचारून घ्या, त्यांच्या बायबलमधे ७३ पुस्तकं असतात आणि ह्यात ६६. मोबाईलवर मराठी बायबलची ॲप फुकट आहेत, ऐकायची पण सोय आहे, निंदण करताना किंवा कापूस वेचताना कमरेला मोबाईल बांधून मी स्तोत्रं ऐकते, रेंज नसते म्हणून घरीच उतरवून घ्यायचं. ऐकणं चांगलं आहे. पण लकव्याच्या पेशंटला, म्हाताऱ्या माणसाला, डोळे कमी झालेल्याला कागदावरचं मोठं अक्षरच द्या, मोबाईलवर त्यांचा अंगठा लागून पान पळून जातं.

छपाई आणि अक्षराला पाचपैकी पाच, कागदाला तीन, बांधणीला साडेतीन, वजनामुळे प्रवासाला दोन. साध्या आवृत्तीपेक्षा महाग पडतं, पण घरात एक आणि ते सगळ्यांनी वापरायचं असं धरलं तर जड नाही. घेताना दुकानातच चेन पूर्ण फिरवून बघा, मधलं पान उघडून पुस्तक सपाट पडतं का ते बघा कारण उशीवर ठेवून वाचायचं तर ते फार लागतं, आणि ज्याच्यासाठी घेताय त्यालाच सोबत न्या, त्याच्या चष्म्याने एक अध्याय वाचून घ्या. दवाखान्यात थांबायची वेळ आली तर हे जड पुस्तक नेऊ नका, नवा करार आणि स्तोत्रं एवढंच असलेली छोटी खिशातली प्रत मिळते ती पिशवीत टाका, तिचं अक्षर बारीक असतं म्हणून सोबत चष्मा आणि एक छोटी टॉर्च. आणि स्तोत्रं निघतात तिथे आधीच एक दोरा घालून ठेवा, व्हरांड्यातल्या उजेडात शोधत बसायला नको.